तोंडातून न काढलेलं नाव

सोमवारी सकाळी सव्वानऊला आलापल्लीत, मिथुनच्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात बसून मी मेल उघडला आणि त्यात मला त्या वेलीचं नाव दिसलं.

मेल शुद्धलेखन तपासणाऱ्या एक्स्टेंशनकडून आला होता. दर सोमवारी येतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, कारण ते लावून आठवडाच झाला होता. मागच्या आठवड्यात मी ६,२४० शब्द लिहिले म्हणून आधी अभिनंदन होतं. मग ३८२ चुका दाखवल्या, त्यातल्या ३५१ मी दुरुस्त केल्या, असा हिशेब होता. त्याखाली लिहिलं होतं, ‘आम्हाला सर्वाधिक वेळा न ओळखता आलेला तुमचा शब्द’, आणि हिरव्या चौकटीत, मोठ्या अक्षरांत, ते नाव. पुढे बारीक अक्षरांत: सात वेळा.

मी लॅपटॉप अर्धा मिटला. शेजारच्या खुर्चीवर पीक विम्याचा फॉर्म भरायला आलेला माणूस होता, त्यानं पाहिलं असेल का, एवढंच पहिल्यांदा मनात आलं. मग लक्षात आलं की भीती त्या माणसाची नाही.

ते नाव मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं. माझ्या वहीत लिहिलेलं नव्हतं. एका फॉर्ममध्ये टाईप केलं होतं, पण सेव्ह करण्याआधी ते सगळ्या ठिकाणी खोडलं होतं. जे मी कोणालाच दिलं नाही ते मला परत कोणी पाठवलं?

मी पोंभुर्ण्याची. वनस्पतीशास्त्रात बीएस्सी केलं आणि एका संस्थेत वर्षभराच्या करारावर लागले. काम असं की अकरा गावांच्या जैवविविधतेच्या नोंदवह्या भरायच्या. गावात कोणती झाडं, वेली, मासे, धानाचे कोणते वाण, कशाचा काय उपयोग, हे लोकांना विचारायचं, वहीत लिहायचं आणि नेटवर्क असेल तिथं येऊन ऑनलाइन फॉर्ममध्ये टाकायचं. पहिल्या दोन गावांचे फॉर्म नागपूरच्या तपासनिसांनी परत पाठवले. माहितीबद्दल एक अक्षर नाही. शेरा एकच होता: शुद्धलेखन तपासून पाठवावे.

मिथुनला ते वाचून हसू आलं. तो म्हणाला, मॅडम तुम्ही सायन्सवाल्या, तुमचं मराठी आमच्यासारखंच निघालं. मग त्यानंच माझ्या ब्राउझरला ते एक्स्टेंशन जोडून दिलं. लाल रेघ आली की चूक, रेघ गेली की बरोबर, आणि पैसे नाहीत. जोडताना एक खिडकी उघडली होती. मी असल्या खिडक्या वाचते. त्यात लिहिलं होतं, ‘सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे’. हे काय, असं मी मिथुनला विचारलं.

“वाचल्याशिवाय ते चूक कशी सांगीन?” तो म्हणाला.

मला ते पटलं. मी परवानगी दिली. ते कुठं बसून वाचणार, हा प्रश्न मला पडला नाही. माझ्यासमोर वाचतंय म्हणजे माझ्याच लॅपटॉपमध्ये वाचतंय, असं मी गृहीत धरलं. गृहीतक तपासून घ्यायचं असतं हे मी तीन वर्षं प्रयोगशाळेत शिकले होते.

आता त्या वेलीबद्दल, जेवढं लिहिता येईल तेवढं.

आलापल्लीपासून अठरा किलोमीटरवर माडिया लोकांचं एक गाव आहे. तिथले कोलूभाऊ गुरांचं औषध देतात. पावसाळ्यात चिखलात राबून बैलांच्या खुरांच्या बेचक्यात जखम होते, मग त्यात किडे पडतात. त्यावर त्यांचं एक मूळ आहे. लांबून लोक बैल घेऊन येतात. हे औषध त्यांना सासऱ्याकडून मिळालं. लग्नाआधी ते तीन वर्षं सासऱ्याच्या घरी राबले, शेवटच्या वर्षी सासऱ्यानं त्यांना वेल दाखवली. एकानं एकालाच द्यायचं, असा नियम. ज्याला द्यायचं नाही त्याच्या कानावर ते गेलं तर देणाऱ्याच्या हाताचा गुण जातो. नियमाचं कारण मी विचारलं होतं. कारण माहीत नाही, पण तसं आहे, असं त्यांची नात स्वातीनं सांगितलं. स्वाती बारावी झालेली, ग्रामसभेचं लिहिण्याचं काम तीच करते. कोलूभाऊंचं मराठी तुटक, त्यामुळे आमच्या दोघांमध्ये बहुतेक वेळ ती असते.

कोलूभाऊंनी मला काही सांगितलं नव्हतं. जूनच्या शेवटी मी स्वातीबरोबर जंगलात नोंदी घेत होते, आणि ते एका म्हशीसाठी वेलीला नेवता, म्हणजे आवतण, द्यायला निघाले होते. मूळ काढायच्या आदल्या संध्याकाळी जाऊन वेलीला नावानं हाक मारायची, उद्या कोणासाठी येणार ते सांगायचं, पळसाच्या पानावर पाच दाणे तांदूळ ठेवायचे. सकाळी दाणे गेलेले असले तर वेलीला मान्य. तसेच असले तर नाही, मग त्या दिवशी मूळ काढायचं नाही. आम्ही झुडपाआड पानं मोजत होतो आणि ते हाक मारून मोकळे झाले. वळले तेव्हा मी समोर.

“ओळखलं का?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. वेलही ओळखली होती आणि नावही ऐकलं होतं. नाही म्हणता आलं असतं. ते म्हणाले, “मी तं तुले नाई सांगतलं. तूनं ऐकलं. आता तोंडातून नको काढजो.”

मी कबूल केलं, आणि पाळलं. आमच्या फॉर्ममध्ये ‘गोपनीय’ असा एक रकाना आहे. त्यावर खूण केली की नाव, शास्त्रीय नाव, जागा, सगळं रिकामं ठेवता येतं. फक्त थोडं वर्णन द्यायचं असतं. ते लिहिताना ‘सदर वेल, सदर वेल’ म्हणत माझं वाक्य अडायला लागलं, म्हणून मी आधी खरं नाव घालून परिच्छेद पूर्ण केला. मग एकेका जागी नाव खोडून ‘सदर वेल’ केलं. मग सेव्ह केलं. आता पुन्हा उघडून मोजलं: ‘सदर वेल’ सात वेळा.

मी एक साधी चाचणी केली. इंटरनेट बंद केलं आणि रिकाम्या चौकटीत मुद्दाम चुकीचा शब्द लिहिला. रेघ आली नाही. इंटरनेट सुरू केलं. दोन सेकंदांत रेघ आली. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. म्हणजे ते माझ्या लॅपटॉपमध्ये वाचत नव्हतं. मी एकेक अक्षर टाईप करत होते तसं ते बाहेर जात होतं, आणि मी नंतर खोडलं ते फक्त माझ्याकडचं.

मिथुनला मी विचारलं, हे जातं कुठं. त्यानं झेरॉक्सच्या मशीनवरून मान न उचलता वर बोट दाखवलं. मी म्हटलं, वर कुठं? तो म्हणाला, सर्व्हरवर. सर्व्हर कुठं आहे ते त्याला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. माझा चेहरा बघून तो जरा जवळ आला आणि म्हणाला, “टेन्शन नका घेऊ मॅडम. साऱ्या दुनियेचं लिवलेलं येते त्यांच्याकडं. वाचाले टाइम कोणाले हाये?”

मग मी कंपनीला लिहिलं. कोणता शब्द ते न लिहिता. चार मिनिटांत उत्तर आलं, त्यावरूनच कळलं की ते माणसानं लिहिलेलं नाही. मजकूर फक्त तपासणीसाठी त्यांच्याकडे जातो, माणसं तो सहसा वाचत नाहीत, आणि खातं बंद केल्यास तीस दिवसांत सगळं पुसलं जाईल. मी खातं बंद केलं, एक्स्टेंशन काढून टाकलं, आणि ‘सहसा’ या शब्दाजवळ अडकून बसले.

कोणी माणसानं वाचलं नसेल तर मी ते सांगितलं का? यंत्राला कान नाहीत. पण त्यानं ते सात वेळा मोजलं आणि लक्षात ठेवून सोमवारी मला परत पाठवलं. एवढं लक्षात तर आमच्या वर्गातली मुलंही ठेवत नव्हती. दुसरं म्हणजे मी ते तोंडातून काढलं नव्हतं. बोटातून काढलं होतं. हे शेवटचं वाक्य मनात आलं तेव्हा मला माझीच लाज वाटली, आणि मंगळवारी सकाळी मी स्कूटी काढली.

गावात पोचले तर कोलूभाऊंच्या अंगणात एक पांढरा बैल मोहाच्या झाडाला बांधलेला होता, मागचा उजवा पाय उचलून धरलेला. शेजारी त्याचा मालक जंगू. त्याचं शेत गावाच्या खालच्या अंगाला. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू होता, चिखलणी अर्धी झालेली, आणि बैल दोन दिवसांपासून पाय टेकत नव्हता. खुराला वास येत होता. कोलूभाऊ आज संध्याकाळी नेवता देणार, उद्या सकाळी औषध, असं ठरलं होतं.

मी स्वातीला बाजूला घेऊन म्हटलं, की हे औषध देण्याआधी मला आजोबांशी बोलायचं आहे. ती म्हणाली, मग बोल. मी म्हटलं, मराठीत नको, तुझ्या भाषेत नीट सांग, एकही गोष्ट गाळू नको. आणि मी तिला क्रमानं सगळं सांगितलं, एक्स्टेंशन, रेघ, चाचणी, मेल. तिनं मध्येच थांबवून विचारलं की मेलमध्ये नाव बरोबर लिहिलं होतं का. मी म्हटलं, हो, मी लिहिलं तसंच. मग तिनं आजोबांना माडियात सांगायला सुरुवात केली.

ते फार लांबलं. मधूनमधून मला ‘मोबाइल’ आणि ‘कंपनी’ हे शब्द कळत होते. कोलूभाऊ जमिनीकडे बघून ऐकत होते. त्यांची बायको मंगलीबाई सुपात तांदूळ निवडत होत्या, त्यांचे हात एकदा थांबले आणि परत चालू झाले.

कोलूभाऊंनी माझ्याकडे बघितलं. “कोणाले सांगतलं?”

“सांगितलं नाही, भाऊ. लिवलं. मशीननं वाचलं.”

“मशीन कुठी हाये?”

“माहीत नाही.”

“तूनं पाह्यली नाई?”

“नाही.”

“मंग तिनं तुले पाह्यलं का?”

माझं नाव तिला माहीत होतं, मेलमध्ये होतं. चेहरा माहीत नसावा. मी तसं सांगितलं. स्वातीनं माडियात ‘नसावा’ या शब्दाचं काय केलं कोण जाणे.

मंगलीबाईंनी सुपातून मान वर केली. “तिच्याकडं बैल हायेत का, त्या मशीनकडं?”

नाही म्हटल्यावर त्यांनी परत तांदळात डोकं घातलं, जणू त्यांच्यापुरता विषय संपला. पण कोलूभाऊंचा संपला नव्हता. ते स्वातीशी थोडं बोलले आणि तिनं मला सांगितलं: आजोबा म्हणतात, सासऱ्यानं माणसांचं सांगितलं होतं. माणसाला सांगितलं तर गुण जातो. पाखरानं ऐकलं तर जात नाही. हे पाखरू आहे की माणूस, ते त्यांना समजत नाही. मलाही समजत नाही, असं मी म्हणाले, आणि ते खरं होतं.

जंगू एवढा वेळ ऐकत होता. तो म्हणाला, “इथी माया बैलाचा पाय सडून राह्यला, अन् तुमी कम्प्युटरची पंचायत करून राह्यले.”

कोलूभाऊंनी त्याला शांतपणे सांगितलं की गुण गेलेल्या हातानं औषध दिलं तर बैलाचं वाईट होतं. दिलं आणि बरा झाला नाही, एवढ्यावर ते थांबत नाही. त्यांना द्यायचं होतं, पण हात उचलत नव्हता. जंगूनं मग माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती मी अजून विसरलेले नाही. त्याला दुसरा बैल नव्हता. स्वातीनं पशुवैद्यकीय दवाखान्यातून आणलेली जांभळी फवारणी सकाळीच मारून पाहिली होती, पण तिच्यावर जंगूचा भरवसा नव्हता. तो औषधासाठी आला होता.

शेवटी कोलूभाऊ म्हणाले की वेलीला विचारू. नेवता आज संध्याकाळचा आहेच. पण बोलायचं मी. “मी सांगतलं असतं तं मी बोललो असतो. तूनं केलं, तूच सांग.”

वाघाच्या भीतीनं आम्ही उजेड असतानाच गेलो, आणि चौघं गेलो: कोलूभाऊ, स्वाती, मंगलीबाई, मी. जागा सांगत नाही. वेल साधी आहे. पाहिली तर कोणी दोनदा पाहणार नाही. महाविद्यालयात मी तिचा वाळवलेला नमुना हाताळला होता आणि तिच्या कुळाची लक्षणं परीक्षेत लिहून पाचपैकी साडेचार गुण घेतले होते. आता तिच्यापुढे मला काय म्हणावं ते सुचत नव्हतं. स्वातीला मी हळूच विचारलं, मराठीत चालेल का? तिनं आजोबांना विचारलं. कोणतीही चालते, असं उत्तर आलं.

कोलूभाऊंनी पळसाचं पान मांडलं, वर पाच दाणे ठेवले आणि मागे सरले.

मी पोंभुर्ण्याची बोली बोलले. प्रमाण भाषा तिथं तोंडातून निघेना. “मी दिव्यानी,” मी म्हणाले. “मी तुयं नाव लिवलं. मंग खोडलं. पण ते गेलं.”

“नाव घेऊन सांग,” मागून कोलूभाऊ म्हणाले. “कोणाशी बोलून राह्यली, तिले कसं समजन?”

मी वळून बघितलं. ज्यांनी मला तोंडातून काढू नको म्हटलं होतं, तेच सांगत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, वेलीकडे बघत होते. मी नाव घेतलं. पहिल्यांदा. टाईप करताना त्याची चार अक्षरं होती, आणि आता ते एवढं मोठं वाटलं की झाडीत लांबवर ऐकू गेलं असेल.

मग बाकीचं आलं. सात वेळा लिवलं. मशीन कुठी हाये मले माहीत नाई. कोणी वाचलं का नाई तेही माहीत नाई. माया मनात सांगाचं नव्हतं. तीस दिवसांत पुसून टाकतो म्हणून राह्यले ते लोक. इथं स्वातीनं ओढणी तोंडावर धरली, ती हसत होती की काय ते मी पाहिलं नाही. शेवटी मी म्हटलं, जंगूच्या बैलाच्या खुरात किडे पडले, त्याच्यासाठी उद्या सकाळी येतो. चूक माझी आहे, बैलाची नाही, हेही म्हटलं. ते नेवत्यात म्हणायचं असतं की नाही, माहीत नाही.

त्या रात्री मी स्वातीच्या घरीच राहिले. पहाटे जोराचा पाऊस पडला.

उजाडल्यावर आम्ही गेलो तेव्हा तिथं दाणे नव्हते. पानही नव्हतं. जिथं पान मांडलं होतं तिथून पाण्याचा एक ओघळ खाली गेला होता.

कोलूभाऊ उकिडवे बसले. मी शेजारी बसले. आम्ही दोघं त्या ओघळाकडे बघत होतो. दाणे गेले म्हणजे मान्य. पण पान जात नाही, पान राहायला हवं. पान असतं तरच दाणे नेले असं म्हणता येतं. असं आधी कधी झालं का, मी विचारलं. ते म्हणाले की पाऊस पडला तरी झाडाखाली पान राहतं, त्यांच्या आठवणीत एकदाही गेलं नाही. मी ओघळाबरोबर चार पावलं खाली जाऊन पाहिलं. पुष्कळ पळसाची पानं पडली होती. त्यातलं कोणतं आमचं, सांगता येत नव्हतं.

“हो म्हणली का नाई म्हणली?” कोलूभाऊंनी मला विचारलं. मला. जणू काल मीच बोलले म्हणून उत्तरही मलाच कळायला हवं.

“मले नाई समजत, भाऊ.”

“मलेही नाई समजून राह्यलं,” ते म्हणाले.

मंगलीबाई मागे उभ्या होत्या. त्यांच्या हातात खणायची लोखंडी पहार होती, ती त्या येताना टेकायला आणतात असं मला वाटलं होतं. त्या पुढे आल्या, वेलीच्या बुडाशी बसल्या, आणि ज्या बाजूला मूळ जाड असतं बरोबर त्या बाजूला पहार घातली. कोलूभाऊ काहीतरी म्हणाले. मंगलीबाईंनी माडियात उत्तर दिलं आणि त्या खणत राहिल्या. स्वातीचं तोंड उघडं राहिलं होतं.

काय म्हणाल्या, मी विचारलं. पण मंगलीबाईंनीच मला मराठीत सांगितलं, मातीतून हात न काढता. “माया बाचं औषध हाये. तो आंधळा झाला होता शेवटी. वेलीपाशी त्याले कोण आणत होतं? मीच. हात धरून.”

कोलूभाऊंच्या सासऱ्याचे डोळे गेले होते, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे चाळीस वर्षं मंगलीबाईंना माहीत होतं. कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं. वेल, जागा, हाक, पान, सगळं. आणि एवढी चाळीस वर्षं कोलूभाऊंच्या हाताला गुण होता, लांबून लोक येत होते. मी कोलूभाऊंकडे बघितलं. त्यांना हे माहीत होतं का? असावं, बायको आणि सासरा कुठं जातात ते घरातल्या जावयाला कळणारच. पण मग कालपासून ते एवढे का अडले? चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. ते मंगलीबाईंच्या हाताकडे बघत होते. थोड्या वेळानं ते उठले, त्यांच्या हातातून पहार घेतली आणि मूळ स्वतः ओढून काढलं.

अंगणात आल्यावर मूळ ठेचलं गेलं. पण कोलूभाऊंनी ते स्वतः लावलं नाही. त्यांनी पाट्यावरचा लगदा माझ्या हातावर ठेवला आणि बैलाकडे हात केला. जंगूनं पाय धरला. मी गुरांजवळ वाढलेली आहे, तरी त्या वासानं डोळ्यांत पाणी आलं. बेचक्यात बोटांनी लगदा भरताना मी विचार करत होते की हा हात कोणाचा धरायचा, माझा की कोलूभाऊंचा, आणि गुण असलाच तर तो आता कुठून कुठं जातोय. जंगू म्हणाला, “नीट भर मॅडम, टाईप नाई करून राह्यली तू.” मी नीट भरलं.

चार दिवस सलग लावलं. रोज आलापल्लीहून ये-जा केली. आठव्या दिवशी बैलानं पाय टेकला, अकराव्या दिवशी चिखलणीला गेला.

मी वहीत नोंद केली. औषध लावलं. जांभळी फवारणी मारली, तीही आधीच्या दिवशी. बैल आठ दिवस कोरड्या जागी उभा राहिला, चिखलात गेला नाही. तीन गोष्टी एकाच वेळी झाल्या. तुलनेला दुसरा बैल नव्हता. यातून औषधाबद्दलही काही सिद्ध होत नाही, मग मी नाव बाहेर जाऊ दिल्याबद्दल काय सिद्ध होणार? जंगूनं मात्र गावभर सांगितलं की औषध चाललं. कोलूभाऊ चाललं म्हणत नाहीत, नाही चाललं असंही म्हणत नाहीत. एवढंच ठरलं आहे की या वर्षीचे नेवते मी द्यायचे, कारण वेलीशी शेवटचं मी बोलले. ही शिक्षा आहे का, असं मी स्वातीला विचारलं. तिलाही नक्की सांगता आलं नाही. काम आहे, असं ती म्हणाली.

फॉर्ममधली ती नोंद अजून अपुरी आहे. माहिती देणाऱ्याचं नाव काय लिहू, असं विचारलं तर कोलूभाऊ म्हणाले मंगलीचं लिही. मंगलीबाई म्हणाल्या, माझ्या बाचं लिही. ते लिहिलं तर फॉर्म त्यांचा मोबाइल नंबर मागतो आणि नंबर दिल्याशिवाय पुढे जात नाही. बाकी गावांच्या नोंदी मी एक्स्टेंशनशिवाय भरल्या आणि त्या शुद्धलेखनासाठी परत आल्या आहेत. आता शब्दकोश घेऊन बसते.

तीस दिवस झाले त्या दिवशी कंपनीचा मेल आला. तुमचा सर्व डेटा काढून टाकण्यात आला आहे. योगायोगानं त्याच दिवशी स्वातीचा फोन आला, एका बकरीसाठी संध्याकाळी ये. मी कोलूभाऊंना मेलबद्दल सांगितलं. ते म्हणाले, “मले काऊन सांगतं? तिले सांग.”

मी वेलीपुढे उभी राहिले, नाव घेतलं आणि सांगितलं की ते लोक विसरले म्हणतात. खरं की खोटं, मले माहीत नाई. मग बकरीचं सांगितलं. पाच दाणे ठेवले.

रात्री पाऊस आला नाही. सकाळी पान जागेवर होतं. त्यावर दोन दाणे होते, तीन नव्हते.

मुंग्यांची एक ओळ जवळून जात होती, ती मी पाहिली आणि काही बोलले नाही. कोलूभाऊ बराच वेळ पानाकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे.

मंगलीबाई अजून मागून येत होत्या, पहार टेकत. आम्ही दोघं त्यांची वाट बघत उभे राहिलो.